दोन कंपन्यांचं एकच कार्ड

दादाशी मी खोटं बोलले ते भरदुपारी, भिलाईत, सुपेल्याच्या एका कॉम्प्युटरच्या दुकानात, काउंटरला टेकून. माझा आवाजही बदलला नाही. नंतर कितीतरी वेळा मी ते वाक्य मनात पुन्हा म्हणून पाहिलं आणि दर वेळी तेच नवल वाटलं, की किती सहज निघालं ते तोंडातून.

दादा म्हणजे माझा चुलतभाऊ, माझ्याहून आठ वर्षांनी मोठा. आमचे आजोबा भंडाऱ्याकडची शेती धाकट्या भावाच्या हवाली करून स्टील प्लांटच्या नोकरीसाठी इकडे आले. मग बाबा आणि काकाही प्लांटमध्येच लागले. दोघांना क्वार्टर मिळाले सेक्टर ६ मध्ये, मधे एकच रस्ता. काकांच्या घरी कॉम्प्युटर आला तेव्हा मी दुसरीत होते. शाळा सुटली की दप्तर टाकायचं आणि तिकडे पळायचं. दादा मला स्टुलावर बसवायचा आणि शेजारी स्वतः उभा राहायचा. बाकी कुणाच्या घरी अशा वस्तूला पोरांनी हात लावलेला चालायचा नाही. दादानं मात्र एक दिवस कॅबिनेटचं झाकणच काढून ठेवलं.

‘हे पाह्य, छोटे, इथं याचा मेंदू हाय. न हा पंखा कावून लावला, सांग बरं?’

‘गरम होते म्हणून.’

‘शाब्बास. डोकं चाललं का गरम होते. तुयंही होते न परीक्षेत?’

घरात तो आणि मी असंच मराठी बोलायचो. बाहेरच्यांशी दोघंही हिंदीत. त्या कॅबिनेटमधली मेमरीची पट्टी एकदा माझ्या हातून तुटली. काका घरी आले तेव्हा दादा म्हणाला, माझ्याच हातून तुटली. काकांनी त्याला बरंच सुनावलं. मी काकूच्या मागं उभी राहून ऐकत होते.

काका रिटायर झाले, रिसालीत त्यांनी घर बांधलं. त्या घरात त्यांना फार दिवस राहायला मिळालं नाही. ते गेल्यावर दादा आणि काकू दोघंच उरले. खाली दोन खोल्या, वर गच्चीवर टिनाच्या पत्र्याची एक. त्या वरच्या खोलीत दादा काम करायचा. लग्नाच्या फिल्मा. स्वतः शूट करायचा, स्वतःच एडिट करायचा. दुर्ग-भिलाईत लग्नाचे व्हिडिओ काढणारे गल्लोगल्ली आहेत, पण दादाची फिल्म पाहिली की ती कुणी काढली ते मला लगेच समजायचं. तो नवरा-नवरीपेक्षा इतरांना जास्त पाहायचा. हळदीच्या वाट्या धुणारी मावशी, अक्षदा मुठीत धरून झोपी गेलेलं पोर.

मी त्याच्याच वाटेनं गेले म्हणायचं. इमारती बांधायच्या आधी त्या कशा दिसतील याची चित्रं आणि फिल्मा कॉम्प्युटरवर तयार करायचं काम मी करते. रायपूरचे दोन-तीन आर्किटेक्ट मला घरबसल्या काम देतात. दादाचं आणि माझं काम वेगळं असलं तरी दोघांचीही मदार एकाच वस्तूवर होती: ग्राफिक्स कार्ड. कॉम्प्युटरमधलं चित्रांचं सगळं ओझं हे कार्ड उचलतं. ते जुनं असलं की दहा मिनिटांच्या कामाला दोन तास लागतात.

त्या वर्षी जगभर कार्डांचा तुटवडा होता. दादा आणि मी दोघंही एकाच मॉडेलच्या मागं होतो. सुपेल्याच्या दुकानदाराकडे दोघांनी नाव लिहून ठेवलं होतं. मला एका मोठ्या कॉलनीची फिल्म बनवायचं काम मिळालं होतं, आजवरचं सगळ्यात मोठं. दादासमोर उन्हाळ्यातली लग्नं होती.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. अशा कार्डाची मूळ चिप एक कंपनी बनवते. ती चिप घेऊन दुसऱ्या पाच-दहा कंपन्या आपापला बोर्ड, आपापले पंखे, उष्णता शोषणारा आपापला धातूचा ठोकळा लावतात आणि आपल्या नावाच्या डब्यात घालून विकतात. डब्यावर मॉडेलचा नंबर तोच असतो. आत मात्र कुणी कंजुषी केलेली असते, कुणी नसते. कुठल्या कंपनीचं कार्ड घ्यायचं याचा अभ्यास मी महिनाभर केला होता. कार्ड खोलून आतलं दाखवणाऱ्या लोकांचे व्हिडिओ पाहिले, लोकांच्या तक्रारी वाचल्या, मोबाइलमध्ये टिपणं काढली. दादानं काही केलं नव्हतं. ‘तू पाहून राहिली न, मंग मी कायले पाहू?’ असं त्याचं म्हणणं.

मार्चमध्ये एका दुपारी दुकानदाराचा फोन आला. दोन पीस आले आहेत, तासाभरात या, नाहीतर दुसरे गिऱ्हाईक उभे आहेत. दादा स्कूटर घेऊन मला घ्यायला आला.

दुकानदारानं दोन डबे काउंटरवर ठेवले. दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे होते. एक तीन पंख्यांचं, लांब आणि जड, मागून पूर्ण धातूची पाटी. माझ्या यादीत ते पहिलं होतं. दुसरं दोन छोट्या पंख्यांचं. त्याच्याबद्दलही मी सगळं वाचलं होतं. त्याचा ठोकळा पातळ होता, मेमरीच्या चिपांवर उष्णता ओढून घेणारे पॅड अर्ध्याच ठिकाणी लावलेले, आणि पंख्यांचे बेअरिंग वर्षभरात कुरकुरायला लागतात अशी कितीतरी लोकांची तक्रार. बिघडलंच तर पहिल्या कंपनीचं सर्व्हिस सेंटर रायपूरला होतं. दुसऱ्या कंपनीचं कार्ड कुरिअरनं पार दूरच्या शहरात पाठवावं लागायचं. किमतीत फरक होता तो नावापुरता.

‘दोनों सेम है भैया,’ दुकानदार म्हणाला. ‘चिप एक ही है. बस कंपनी का फरक है.’

दादा माझ्याकडे वळला. ‘सांग छोटे. मी कोणतं घेऊ?’

मला तेव्हा खरं बोलायला अर्धं मिनिट लागलं असतं. एक चांगलं आहे, एक कमी आहे, आपण काय करायचं? एवढंच म्हणायचं होतं. मग चिठ्ठ्या टाकल्या असत्या, किंवा एक आज घेऊन दुसऱ्यासाठी थांबलो असतो. पण माझा हात त्या लांब डब्यावर आधीच जाऊन बसला होता.

‘चिप त एकच आहे, दादा,’ मी म्हणाले. ‘तू हे छोटं घे. तुझ्या कॅबिनेटात हे लांबवालं बसणार नाही.’

ते बसलं असतं. जानेवारीत मी स्वतः टेप लावून त्याचं कॅबिनेट मोजलं होतं. लांब कार्ड बसून पुढं दोन बोटं जागा उरत होती, मोबाइलमधल्या टिपणात ते लिहिलेलंही होतं.

‘हौ का? बरं झालं तू सोबत आली,’ दादा म्हणाला. ‘नाही त मी मोठं पाहून तेच उचललं असतं.’

परत येताना माझा डबा जड म्हणून त्यानं तो आपल्या दोन पायांमध्ये ठेवला आणि त्याचा हलका डबा माझ्या मांडीवर दिला.

एप्रिलपर्यंत सगळं ठीक चाललं. दादा खूश होता. दर दोन-चार दिवसांनी फोन करून सांगायचा, छोटे, मक्खन चालून राहिलं, मक्खन. मी हो हो म्हणायचे आणि विषय बदलायचे. मनाची समजूत मी घालूनही टाकली होती. लोक इंटरनेटवर वाढवून लिहितात. सगळेच पीस काही खराब निघत नसतात. शिवाय माझं काम मोठं आहे, माझं तासन् तास चालतं. अशी दहा कारणं माझ्याजवळ होती, आणि खऱ्या गोष्टीला इतकी कारणं लागत नाहीत हे मला समजत होतं.

एप्रिलच्या मध्याला ऊन चढलं. टिनाच्या पत्र्याखाली दुपारी उभं राहवत नव्हतं. दादाचा कॉम्प्युटर काम करता करता एकदम बंद पडायला लागला. आधी दिवसातून एकदा, मग तासातून एकदा. मी गेले. आकडे पाहिले. चिपचं तापमान ठीक होतं, मेमरीचं मात्र भलतंच वर. व्हिडिओत पाहिलं होतं अगदी तसंच.

‘काय झालं असंल?’ दादानं विचारलं.

‘खोली गरम आहे,’ मी म्हणाले.

तेही खोटं नव्हतं, खोली गरम होतीच. मी कॅबिनेटचं झाकण काढायला लावलं, बाजूला टेबलफॅन ठेवायला सांगितलं, कार्डाला वीज थोडी कमी मिळेल अशी सेटिंग करून दिली. दादा माझ्या मागं उभा राहून सगळं पाहत होता, लहानपणी मी त्याच्या बाजूला बसून पाहायचे तसं. ‘तुले किती समजते वं,’ तो म्हणाला.

सेटिंगनं चार दिवस काढले. नंतर पुन्हा तेच.

मे महिन्यात एका रविवारी मी काकूला भेटायला गेले तर तिची पलंगडी बाहेरच्या व्हरांड्यात. खालच्या मागच्या खोलीत, जिथं उत्तरेची खिडकी आणि खिडकीत कूलर होता, तिथं दादाचं टेबल, कॉम्प्युटर, सगळा पसारा येऊन बसला होता. तीच घरातली एकमेव थंड खोली. काकूचे गुडघे सुजलेले असायचे, उन्हाळ्यात ती दुपारभर त्या खोलीत पडून राहायची.

‘काकू, तू इथं कावून?’

‘अवं, मशीनले थंडं लागते म्हणे.’ ती ओल्या फडक्यानं मान पुसत होती. ‘माणसाचं काय, माणूस चालवून घेते. पोराचं काम अडून राहिलं होतं.’

‘दिवसा तरी आत पड न.’

‘आतमंदी त्याचं ते काम चालू राहते. मी घोरते त त्याले आवाज पकडताच येत नाही.’ आणि ती हसली.

मला तिच्यासमोर बसवेना. आत गेले तर दादानं कॅबिनेट कूलरच्या थेट तोंडाशी नेऊन ठेवलं होतं. ओलसर हवा आत जाईल, दादा, एवढं थंड बरं नाही, असं मी सांगितलं. त्यानं लगेच ते हातभर मागं सरकवलं. मी जे सांगेन ते तो ऐकत होता.

घरी आल्यावर मी माझं कार्ड पाहत बसले. तिन्ही पंखे गार पडलेले. काम हलकं असलं की ते फिरतच नसत, त्यांना गरजच नसायची. आईनं विचारलं, काकूचं काय चाललं. मी म्हणाले, बरं आहे.

मला सांगायचं होतं. दरवेळी रिसालीला जाताना मी ठरवून जायचे, आज सांगायचं. पण जसजसं नुकसान वाढत गेलं तसतसं सांगणं अवघड होत गेलं. मार्चमध्ये सांगितलं असतं तर ती एक चूक होती. मेमध्ये तिच्यात काकूची खोली आली. जूनमध्ये त्याहून वाईट झालं.

दुर्गच्या एका घरची लग्नाची फिल्म द्यायची होती. मुलीच्या सासरी दुसरं रिसेप्शन होतं, तिथं मोठ्या पडद्यावर ती दाखवायची असं ठरलेलं. दादा आठवडाभर त्या फिल्मवर बसला होता. कार्ड मधेच बंद पडायचं, तो पुन्हा सुरू करायचा. रिसेप्शनचा दिवस आला आणि फिल्म अर्धीच तयार. लोकांनी तिकडे नुसते फोटो दाखवून वेळ निभावली.

दोन दिवसांनी मुलीचे वडील घरी आले. मी योगायोगानं तिथंच होते, चहाचा ट्रे घेऊन आतून येत होते. वयस्कर गृहस्थ, अंगात पांढरा शर्ट, शिव्या वगैरे काही दिल्या नाहीत. पण त्यांचा आवाज फाटत होता. समधी के सामने हमारी नाक कट गई, असं ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. बेटी दिनभर पूछती रही पापा फिल्म कब लगेगी. काकू दाराची चौकट धरून उभी होती.

दादानं मान खाली घातली. ‘अंकल, गलती मेरी है,’ तो म्हणाला. ‘मशीन को दोष नहीं दूँगा. मुझे पहले से सोचना था.’

मी ट्रे धरून उभीच. चहावर साय धरली. त्या क्षणी तोंड उघडलं असतं तरी त्या माणसाच्या उपयोगाचं काही नव्हतं, हे खरं. पण मी त्यासाठी गप्प राहिले नव्हते. आता हे प्रकरण दादाच्याच नावावर मिटतंय, एवढं मला कळलं आणि आतून कुठंतरी सुटल्यासारखं वाटलं. त्या सुटल्यासारखं वाटण्याची लाज मला अजून आहे.

महिनाअखेर दादाच्या कार्डाचा एक पंखा अडकला आणि कार्ड मेलं. कुरिअरनं पाठवलं. तिकडून नुसता मेल यायचा, तपासणी चालू आहे. कार्ड आज येईल, उद्या येईल म्हणून पसारा तसाच काकूच्या खोलीत पडून राहिला. जुनं कार्ड दादानं केव्हाच विकून टाकलं होतं. दुर्गची गोष्ट बाजारात फिरली होती, पुढच्या तिथींची दोन लग्नंही हातची गेली. दादानं रसमड्याच्या एका कारखान्यात नोकरी धरली. मालाचे ट्रक आत-बाहेर जाताना मोठ्या काट्यावर उभे राहतात, त्यांचं वजन आणि गाडीनंबर कॉम्प्युटरवर टाकायचा. सकाळी सातला स्कूटर काढायचा, संध्याकाळी यायचा तेव्हा भुवयांवर लाल धूळ.

‘काही वाईट नाही,’ तो बाबांना सांगत होता. ‘एसी केबिन हाय. न इथं काही बंद पडत नाही.’ बाबा हसले. मी उठून आत गेले.

माझं कॉलनीचं काम तोवर पूर्ण झालं होतं. आर्किटेक्टनं वाखाणलं, पुढचं कामही दिलं. त्या कामाच्या बळावर मी कर्त्या बाईसारखी एक युक्ती काढली. माझं कार्ड दादाला द्यायचं. मी नवीन मॉडेल घेते आहे, हे आता माझ्या कामाचं नाही, तू वापर, असं म्हणायचं. म्हणजे त्याला चांगलं कार्ड मिळेल, काकूला खोली परत मिळेल आणि मला काही बोलावं लागणार नाही. नवीन मी घेत नव्हते. त्याचं दुरुस्त होऊन येईल ते मागून घेऊ, असा विचार होता.

ऑगस्टमध्ये रविवारी सकाळी मी डबा घेऊन गेले. दादा नुकताच न्हाऊन आला होता. मी ठरवलेलं सगळं म्हणून दाखवलं. तो आधी नाही म्हणाला, मग म्हणाला, काही दिवसांसाठी ठेवतो. कॅबिनेट त्यानं आडवं केलं, झाकण काढलं, कार्ड डब्यातून बाहेर घेतलं. दोन्ही हातांत धरून वजन पाहिलं.

आणि थांबला.

‘पर हे त बसत नाही न यात?’

मला दुकानातलं ते वाक्य आठवलंच नव्हतं, खरं सांगते. इतक्या महिन्यांत मी त्या खोट्यावर इतका विचार केला होता, पण हे कार्ड त्याच्या कॅबिनेटजवळ घेऊन गेल्यावर काय होईल, ते एकदाही डोक्यात आलं नाही.

दादानं कार्ड तिरपं करून आत घातलं. खटक आवाज झाला आणि ते जागेवर बसलं. पुढं दोन बोटं जागा होती. त्यानं तिथं खरंच दोन बोटं घालून पाहिली.

‘बसलं,’ तो म्हणाला.

‘दादा, मला माहीत होतं.’

‘काय माहीत होतं?’

मग मी सांगितलं. सगळं. मोजमाप, टिपणं, पॅड, बेअरिंग, दुसऱ्या कार्डाच्या तक्रारी मी आधीच वाचल्या होत्या ते. सांगताना मी त्याच्याकडे पाहिलं नाही, कॅबिनेटमध्ये पाहत राहिले. मी रडले नाही. रडले असते तर त्यालाच मला समजवावं लागलं असतं, इतकं तरी भान होतं.

त्यानं स्क्रू लावायचा पेचकस उचलून बोटांत फिरवला. बाहेर व्हरांड्यात काकू भाजीवालीशी भाव करत होती.

‘तुले ते पायजे होतं?’ त्यानं विचारलं.

‘हो.’

‘मंग माग्याचं होतं न मले.’ त्याचा आवाज चढला नाही. ‘मी देल्लं नसतं काय?’

दिलं असतं. मला तेव्हाही माहीत होतं, दिलं असतं. मागितलं असतं तर त्याचे उपकार झाले असते, आणि मला उपकार नको होते, मला ते कार्ड आपल्या हुशारीनं मिळाल्यासारखं हवं होतं. हे मला त्याच्यासमोर बसल्यावर पहिल्यांदा लख्ख कळलं. ते मात्र मी त्याला बोलून दाखवू शकले नाही.

‘माय तीन महिने बाहेर झोपली,’ एवढंच तो पुढं म्हणाला. मग त्यानं स्क्रू घट्ट केले, झाकण लावलं आणि म्हणाला, ‘जेवून जाजो.’ मी जेवले नाही. त्यानंही पुन्हा म्हटलं नाही.

काकूला त्यानं काही सांगितलं नाही. माझ्या घरीही कुणाला नाही. आईबाबांना मी स्वतः सांगितलं. बाबा प्लांटमध्ये क्रेन चालवायचे, बोलायला तसेही कमी. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘काकूच्या पायी पड.’ आई म्हणाली, कशाला उकरून काढता, आता झालं ते झालं. मी गेले. काकूला नीट उमगलंच नाही. ‘अवं, एकाच तांदळाचे दोन भात, एखादा चिकट होते,’ असं म्हणून तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला. मी दोनदा समजावून सांगितलं की भात चिकट झाला नव्हता, मी तो चिकट आहे हे माहीत असून दादाच्या ताटात वाढला होता. तिनं मला गप्प केलं. तिची माफी मला कधी लागू पडली नाही, कारण ती कशाची होती हे तिला ठाऊक नव्हतं.

दादाचं कार्ड दुरुस्त होऊन आलं ते त्यानं माझ्याकडे पाठवून दिलं. मी तेच वापरते. माझ्या खोलीला पक्कं छत आहे, त्यामुळं निभतं. उन्हाळ्यात दुपारी काम बंद ठेवते.

दादानं कारखान्याची नोकरी सोडली नाही. फिल्मा तो आता सुट्टीच्या दिवशी करतो, कमी करतो. कॉम्प्युटर पुन्हा वर गेला, पत्र्याखाली त्यानं थर्माकोल ठोकून घेतलं, आणि काकू आपल्या खोलीत आली. आमचं बोलणं तुटलं नाही. सणावाराला तो येतो, माझ्या आईच्या हातची पुरणपोळी मागून घेतो. मलाही विचारतो, काम कसं आहे. पण गेल्या दिवाळीत त्यानं नवा कॅमेरा घेतला, तो मला बाबांच्या मोबाइलवरच्या फोटोतून कळला. कोणता घ्यावा, हे त्यानं दुकानदाराला विचारलं होतं, एका ओळखीच्या फोटोग्राफरला विचारलं होतं. मी त्याची माहिती विचारली तेव्हा त्यानं सगळं नीट सांगितलं, एखाद्या गिऱ्हाइकाला सांगावं तसं. मला रुसायचा हक्क नव्हता. मी ऐकून घेतलं.

या फेब्रुवारीत त्याचा लाईट धरणारा माणूस आजारी पडला. दुर्गच्या एका मराठी घरी लग्न होतं. दादानं फोन केला तो बाबांना. ‘छोटी मोकळी हाय काय, विचारा बरं.’ बाबांनी फोन माझ्याकडे दिला तोवर त्यानं ठेवला होता.

मी गेले. सकाळपासून दुपारपर्यंत मी लाईटचा दांडा धरून त्याच्या मागं मागं फिरले. तो कॅमेऱ्यातून डोळा न काढता नुसता सांगायचा, वर, अजून वर, थोडी डावीकडे. मंगलाष्टकं सुरू झाली तेव्हा माझा खांदा भरून आला होता. एका कोपऱ्यात नवरीची धाकटी बहीण एकटीच उभी राहून डोळे पुसत होती. दादाला ती माझ्याआधी दिसली. त्यानं हातानंच खूण केली आणि आम्ही दोघं हळूहळू तिकडे सरकलो.

नवरीच्या मामानं जवळ येऊन मला विचारलं, ‘तुम्हीपण फिल्मा काढता का?’

मी दादाकडे पाहिलं.

‘नाही,’ तो म्हणाला. ‘तिचं कॉम्प्युटरचं काम आहे. त्यातलं तिले लय समजते.’ आणि कॅमेरा खांद्यावर नीट करत मला म्हणाला, ‘लाईट खाली आला.’

मी दांडा पुन्हा वर केला.